जुने बूट घ्यायचे तर आधी तळ पाहा

मुलाखत, लग्नसमारंभ, नोकरीचा पहिला दिवस. चांगल्या चामडी बुटांची गरज पडते तेव्हाच नेमका खिसा आखडलेला असतो. अशा वेळी कुणीतरी वापरलेला, पण उत्तम बनावटीचा जोडा घेणे शहाणपणाचे ठरेल का? आणि घ्यायचाच तर काय पाहून घ्यावा?

बंगळुरूच्या उत्तरेला, येलहंका न्यू टाऊनमधले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. वडील ऐन तारुण्यात सांगलीहून इथल्या रेल्वेच्या चाक कारखान्यात नोकरीला आले आणि इथेच निवृत्त झाले. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. पंधरा दिवसांवर कंपनीची मुलाखत येऊन ठेपलेली. शर्ट-पँट शिवून झाली, टाय मावसभावाचा मिळाला, राहिले फक्त बूट. दुकानातल्या चामडी बुटांच्या किमती पाहून मुलगा हात हलवत परत आला होता. एका रविवारी दुपारी मात्र तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तपकिरी, चकचकीत जोडा घेऊन घरात शिरला.

आईच्या कपाळावर लगेच आठी उमटली. ''अरे, कुणाच्या पायातले काढून आणलेस हे?''

''विकत घेतलेत, आई. वापरलेले आहेत, पण बघ ना, नव्यासारखे दिसतात.''

''आपल्यावर अशी वेळ आली का, लोकांचे उतरलेले बूट घालायची? आणि तेही मुलाखतीला!''

मुलगा गप्प झाला. वडील मात्र उठले. त्यांनी एक बूट उचलला, उलटा केला, अंगठ्याने तळ दाबून पाहिला, खिडकीपाशी नेऊन कडेची शिवण न्याहाळली आणि विचारले, ''वरून पाहून घेतलास की खालून?''

मुलाने तळाकडे पाहिलेच नव्हते. कडेने दिसणारी शिवण नुसती शोभेची होती. तळ चिकटवलेला होता आणि टोकाशी त्याने तोंड उघडायला सुरुवात केली होती.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यातले दोन्ही सूर अनेक घरांत ऐकू येतात. काही जण चकाकी पाहून जुने बूट घेतात आणि फसतात. काही जण लाजेपोटी जुन्याकडे पाहतही नाहीत आणि तेवढ्याच पैशांत महिन्या-दोन महिन्यांत उकलणारा नवा जोडा घेऊन येतात. खरे पाहायला हवे ते एवढेच, की बूट बांधला कसा आहे आणि अजून किती चालणार आहे.

संकोच कशाचा?

एरवी मराठी घराला वापरलेल्या वस्तूंचे वावडे नसते. थोरल्याचा शर्ट धाकट्याच्या अंगात येतो, ताईची पुस्तके बहिणीच्या दप्तरात जातात, आजीची पैठणी नात हौसेने नेसते. जुनी मोटार, जुना फ्लॅट आपण विचारपूर्वक घेतो. बुटांपाशी आले की मात्र मन अडते.

यामागे तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे पनवतीची समजूत. साडेसाती टळावी म्हणून शनीच्या देवळाबाहेर पायातल्या चपला सोडून येणारे लोक आजही दिसतात. टाकलेल्या जोड्याबरोबर आपले दुर्दैव जाते असे मानले, की दुसऱ्याचा जोडा घालणे म्हणजे त्याची पीडा पायात घालणे, असे वाटणारच. वास्तविक जुन्या बुटात मागच्या मालकाचे दोनच अवशेष असू शकतात, घाम आणि बुरशी. दोन्हींवर उपाय आहेत. नशीब चामड्यात मुरत नाही.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. आपल्या समाजाने चामडे हलके मानले आणि चामड्याचे काम करणारा माणूसही हलका मानला. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण चपलांपेक्षा माणसांना त्यांची जागा दाखवण्यासाठीच जास्त वापरली गेली. ज्या वस्तूला आपण इतके खाली ठेवले, ती दुसऱ्याकडून घेताना कमीपणा वाटतो, यात नवल नाही. पण हा कमीपणा बुटात नसून आपल्या नजरेत आहे.

तिसरे कारण आरोग्याचे. ते मात्र खरे आहे आणि त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करायलाच हवा.

शिवलेला की चिकटवलेला?

बुटाची किंमत आणि आयुष्य ठरते ते वरचा भाग तळाला कसा जोडला आहे यावर. ही गोष्ट मराठी वाचकाला समजायला अवघड नाही, कारण कोल्हापुरी चप्पल त्याच्या ओळखीची आहे. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्याच वादीने शिवलेली असते, तिला खिळे लागत नाहीत. शिवण सुटली तर पुन्हा शिवता येते, तळ झिजला तर नवा थर चढवता येतो. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क मान्य झाला.

उत्तम फॉर्मल बुटाचे तत्त्व हेच आहे. त्यात वरच्या चामड्याला आणि आतल्या तळाला मिळून सभोवार एक चामड्याची पट्टी शिवतात. इंग्रजीत तिला 'वेल्ट' म्हणतात. बाहेरचा तळ मग या पट्टीला वेगळ्या शिवणीने जोडतात. तळ झिजला की ही बाहेरची शिवण उसवायची आणि नवा तळ शिवायचा. वरच्या चामड्याला धक्काही लागत नाही. पूर्वी हे सारे काम हाताने होई. रबर टिकाऊ करण्याची रीत शोधणारे अमेरिकेचे चार्ल्स गुडइयर यांच्या त्याच नावाच्या मुलाने १८७० च्या आसपास हे काम करणारे यंत्र पुढे आणले. म्हणून अशा बुटांना आजही 'गुडइयर वेल्ट' म्हणतात. मोटारीच्या टायरवर दिसणारे नाव त्याच घराण्यावरून घेतलेले आहे.

दुसरा प्रकार 'ब्लेक' शिवणीचा. यात तळ आतून थेट शिवलेला असतो. बूट हलका, सडपातळ दिसतो. तळ बदलता येतो, पण त्यासाठी वेगळे यंत्र लागते आणि पावसात शिवणीतून पाणी शिरण्याची भीती थोडी जास्त असते.

तिसरा प्रकार चिकटवलेल्या तळाचा. बाजारातले बहुसंख्य स्वस्त बूट असेच असतात. नवे असताना ते वाईट नसतात, पण जुने घेण्यासारखे क्वचितच उरतात. त्यातही पॉलियुरेथेनच्या तळापासून सावध राहावे. हा तळ वापरला नाही तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातो. कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेला, 'एकदाही न घातलेला' बूट पायात घालून चार पावले टाकावीत आणि तळाचा भुगा व्हावा, असा अनुभव येतो तो यामुळेच.

हे ओळखायचे कसे? पट्टीवरचे टाके वरून दिसत असतील तर बूट उलटा करून तळावरही टाके किंवा टाके लपवलेली खाच दिसते का ते पाहावे. वर टाके आणि खाली रबराचा एकसंध ओतीव तळ असेल, तर शिवण बहुधा शोभेची समजावी. मग आतला सैल सुखतळ उचलून पाहावा. आतून टाक्यांची ओळ दिसली तर ब्लेक. आत काही दिसत नाही, पण बाहेर पट्टी आणि तळ दोन्हीकडे टाके आहेत, तर वेल्ट असण्याची शक्यता मोठी.

हिशेब असा मांडावा

समजा, एक चिकटवलेल्या तळाचा नवा जोडा १,५०० रुपयांना मिळतो आणि रोजच्या वापरात वर्षभर टिकतो. पाच वर्षांत अशा पाच जोड्यांना ७,५०० रुपये लागले. उलट, नवा असताना ८,००० रुपयांचा असलेला शिवलेल्या तळाचा एक जोडा चांगल्या अवस्थेत २,५०० रुपयांना हाती आला. लगेच टाचेचे रबर बदलले, मधल्या काळात एकदा तळ बदलला, त्याचे मिळून २,००० धरू. पाच वर्षांचा खर्च ४,५०० रुपये, आणि जोडा अजून पायात आहेच.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे भाव घालून प्रत्येकाने हिशेब करावा. मात्र तो करताना दुरुस्तीचा खर्च धरायला विसरू नये. जुन्या बुटाची किंमत म्हणजे विकणाऱ्याला दिलेले पैसे अधिक मोच्याला द्यायचे पैसे. ही बेरीज तशाच नव्या बुटाच्या निम्म्याच्या पुढे जाऊ लागली, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

कुठे शोधावेत?

येलहंका हे जुने गाव. १५३७ मध्ये बंगळुरू वसवणारे केंपेगौडा स्वतःला 'येलहंका नाडप्रभू' म्हणवीत. आज इथे वायुदलाचा तळ आहे, १९८४ पासून रेल्वेचा चाक कारखाना आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि २००८ पासून पलीकडे देवनहळ्ळीला विमानतळ आहे. म्हणजे बदलीवर येणारे-जाणारे, निवृत्त होणारे आणि पहिली नोकरी शोधणारे असे तिन्ही प्रकारचे लोक एकाच उपनगरात राहतात. एकाच्या कपाटात वर्षातून दोनदा घातलेले बूट धूळ खात असतात आणि दोन गल्ल्यांपलीकडे कुणाला तेच हवे असतात. जुन्या बुटांचा सर्वांत चांगला बाजार म्हणूनच ओळखीचा. ज्याने बूट वापरले त्यालाच विचारता येते, की किती घातले, कधी घेतले, का काढताय. गणेशोत्सवाच्या मंडळात, सोसायटीच्या फलकावर, घर बदलणाऱ्या कुटुंबांकडे सहज चौकशी करायला हरकत नाही.

दुसरा मार्ग जुन्या बाजाराचा. येलहंकाहून बसने किंवा रेल्वेने शहरात गेले, की के. आर. मार्केट, अव्हेन्यू रोड आणि बी. व्ही. के. अय्यंगार रोडच्या जुन्या पेठेत रविवारी रस्त्यावरचा बाजार भरतो. घड्याळे, कपडे, हत्यारे, बूट, सारे काही तिथे मांडलेले असते. मुंबईकरांना मटण स्ट्रीटचा चोर बाजार ठाऊकच आहे, आणि कामाठीपुऱ्याच्या परिसरातली 'डेढ गल्ली' तर शुक्रवारी पहाटे भरणाऱ्या बुटांच्या बाजारासाठीच ओळखली जाते. अशा बाजारात सकाळी उजेडात जावे. दिव्याखाली काळा आणि गडद तपकिरी सारखाच दिसतो, भेगाही लपतात. ताजे, जाड पॉलिश चढवलेला बूट दिसला तर ओल्या फडक्याने एक कोपरा पुसून पाहण्याची परवानगी मागावी. खाली रंग उडालेला किंवा चिरा पडलेल्या निघाल्या तर पुढे चालू लागावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. देवळाबाहेरून, कार्यालयाच्या दारातून बूट नाहीसे होतात ते कुठे तरी विकले जातातच. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवाकोरा उंची जोडा कवडीमोलाने कुणी पुढे करत असेल, तर मोह आवरावा.

तिसरा मार्ग मोबाइलवरच्या जाहिरातींचा. तिथे फोटो वरून काढलेले असतात. तळाचा, टाचेचा मागून, बुटाच्या आतला आणि पुढच्या सुरकुत्यांचा, असे चार फोटो आवर्जून मागावेत. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजावे.

हातात घेतल्यावर

बूट निवडताना पुढील क्रमाने पाहिले तर पाच मिनिटांत निर्णय होतो.

तळ : मधोमध अंगठ्याने जोरात दाबावे. कणखर लागला तर चामडे शिल्लक आहे. मऊ लागला, दबला, तर भोक पडायला आले आहे. तळ बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

टाच : बाहेरच्या बाजूने थोडी झिजलेली असणे स्वाभाविक आहे. आतल्या बाजूने खूप झिजली असेल किंवा दोन टाचांच्या झिजेत मोठा फरक असेल, तर आधीच्या मालकाची चाल बुटात उतरलेली आहे. दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून पाहावेत. एखादा कलंडत असेल तर घेऊ नये.

वरचे चामडे : पायाची बोटे जिथे वाकतात तिथे सुरकुत्या असणारच. बारीक, गोलसर सुरकुत्या म्हणजे जिवंत चामडे. सुरकुतीच्या तळाशी चीर दिसली तर ती भरून येत नाही. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ते रेक्झिन आहे, किंवा हलक्या चामड्यावर चढवलेला लेप आहे. कापलेल्या कडेला तंतू दिसतात का, तेही पाहावे.

मागची बाजू : घाईत टाच दाबून बूट चपलेसारखा घालायची सवय अनेकांना असते. त्यामुळे मागचा कणखर भाग मोडतो आणि पाय आत हलत राहतो. बोटांनी दाबून तो ताठ आहे ना, याची खात्री करावी.

मधला भाग : बूट दोन्ही हातांत धरून हलका वाकवावा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. कमानीपाशी दुमडत असेल तर आतली आधारपट्टी मोडलेली आहे.

आतली बाजू : हात घालून चाचपावे. अस्तर टाचेपाशी फाटलेले असेल तर ठिगळ लागते. पण तळावर आधीच्या पायाचा खोल ठसा असेल, कुबट वास येत असेल किंवा पांढरी बुरशी दिसत असेल, तर तो बूट तिथेच ठेवावा.

नाड्या, सुखतळ, टाचेचे रबर, उडालेला रंग हे दोष किरकोळ आहेत. चिरलेले चामडे, मोडलेली टाच आणि कुजलेला तळ मात्र मोठे. किरकोळ दोष दाखवून भाव कमी करून घ्यावा. मोठ्या दोषासाठी कितीही सूट मिळाली तरी भुलू नये.

माप आपले, बूट दुसऱ्याचा

लहानपणी जूनमध्ये शाळेचे बूट एक माप मोठे घेऊन पुढे कापूस कोंबण्याची युक्ती बहुतेकांनी अनुभवली आहे. मोठेपणी ती चालत नाही. मोठा बूट टाच सोलतो, लहान बूट नखे निळी करतो.

आपल्याकडे बुटांची मापे ब्रिटिश पद्धतीने चालत आली आहेत. पुरुषांच्या बुटावर ब्रिटिश ८ असेल तर युरोपीय माप साधारण ४२ आणि अमेरिकी ९ असते. परदेशातून आलेला जोडा घेताना हा गोंधळ नेहमी होतो. शिवाय परदेशी साच्यावर बनलेले बूट आपल्या पायांना अनेकदा अरुंद पडतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाऊल युरोपीय आणि अमेरिकी पावलापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे दिसले. त्यावरूनच २०२४ मध्ये 'भा' नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली.

बूट संध्याकाळी घालून पाहावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नेहमीचे मोजे घालावेत, दोन्ही पायांत बूट घालून उभे राहावे आणि दहा-वीस पावले चालावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. चामडे रुंदीत थोडे सैलावते, लांबीत नाही. 'घालून घालून मोठे होतील' हे आश्वासन म्हणूनच अर्धेच खरे असते.

यांनी जुने बूट घेऊ नयेत

इथे काटकसरीपेक्षा पाय महत्त्वाचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. बूट चावला तरी कळत नाही, फोडाची जखम होते, जखम चिघळते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर बोट किंवा पाऊल गमावण्याची पाळी येते. अशा व्यक्तींनी दुसऱ्याच्या पायाला सरावलेला बूट कधीही घालू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने नवे, योग्य मापाचेच बूट घ्यावेत. पायावर जखम, भेगा किंवा नायटा असणाऱ्यांनीही दूरच राहावे. वाढत्या वयातल्या मुलांनाही जुने बूट देऊ नयेत. त्यांची पावले अजून घडत असतात आणि दुसऱ्याची चाल त्यांच्यावर लादणे योग्य नव्हे.

घरी आणल्यावर

बूट आणले की लगेच पायात घालू नयेत. आधी नाड्या आणि सुखतळ काढून टाकावेत. नाड्या धुता येतात, सुखतळ मात्र नवाच घालावा. बुटाची आतली बाजू साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने अस्तरावरून हात फिरवावा. स्पिरिट बाहेरच्या चामड्यावर सांडू देऊ नये, रंग जातो. त्यानंतर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट सावलीत, वारा लागेल असे दोन-तीन दिवस ठेवावेत. कागद रोज बदलावा. कडक उन्हात किंवा हीटरपाशी ठेवले तर चामडे तडकते. शेवटी औषधाच्या दुकानात मिळणारी बुरशीनाशक पावडर आत भुरभुरावी.

बाहेरच्या चामड्याला आधी मलमासारखे क्रीम चोळून रात्रभर मुरू द्यावे आणि मगच पॉलिश करावे. कोरड्या चामड्यावर नुसते पॉलिश म्हणजे तहानलेल्याच्या तोंडाला पावडर लावण्यासारखे आहे. तोच जोडा सलग दोन दिवस घालू नये. दिवसभराचा घाम सुकायला एक दिवस द्यावा. पावसात भिजले तर पुन्हा कागदाचे बोळे आणि सावली. एवढी शिस्त पाळली तर जोडा वर्षानुवर्षे साथ देतो.

मोची म्हणजे बुटांचा डॉक्टर

जुने बूट घेण्याच्या सगळ्या शहाणपणाला एका माणसाचा आधार लागतो. तो म्हणजे कोपऱ्यावर आरी, रापी आणि लोखंडी तिपाई घेऊन बसलेला मोची. तळ शिवलेला की चिकटवलेला, चामडे अस्सल की लेपाचे, हे त्याला हात लावताच कळते. शक्य असेल तर बूट घेण्याआधी त्याला दाखवावेत. सल्ल्याचे पैसे आपणहून द्यावेत.

वापरा आणि फेकून द्या अशा बुटांची सवय लागल्यामुळे या कारागिरांचे काम कमी होत चालले आहे. नवा तळ हाताने शिवणारा माणूस शोधावा लागतो. चर्मोद्योगातल्या कारागिरांसाठी महाराष्ट्रात संत रोहिदासांच्या नावाने आणि कर्नाटकात बाबू जगजीवनराम यांच्या नावाने सरकारी महामंडळे आहेत. पण रस्त्याच्या कडेला बसलेल्या कारागिराला खरा आधार गिऱ्हाईकाचाच असतो. दुरुस्त करता येईल असा बूट घेणारे प्रत्येक घर त्याच्या हाताला काम देते. ज्याच्या कामाला समाजाने इतकी वर्षे खालची पायरी दाखवली, त्याच्याच हुन्नरावर आपल्या मुलाची मुलाखतीची ऐट उभी असते, हे विसरू नये.

पुन्हा एकदा येलहंका

सुरुवातीच्या त्या घरात पुढे काय झाले असेल? दुसऱ्या दिवशी कामाला निघालेल्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या बदलीची बातमी कानावर आली असेल. वडील आणि मुलगा दोघे मिळून गेले असतील. या वेळी मुलाने आधी बूट उलटा केला असेल. काळा, साधा, धुळीने माखलेला जोडा. पट्टीला टाके, तळालाही टाके, अंगठ्याखाली कणखर लागणारे चामडे. टाचेचे रबर तेवढे झिजलेले. पूर्वीच्या मालकाने किती वापरले, का काढले, सारे मोकळेपणाने सांगितले असेल. मग मोच्याकडे नवी टाच, दोन दिवस सावलीत कागदाचे बोळे, नवे सुखतळ.

आईचा राग एवढ्याने गेला असेल असे नाही. पण मुलाखतीच्या आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर तिनेच जुने मऊ धोतर फाडून फडके केले असेल आणि म्हणाली असेल, ''आण इकडे ते बूट. नुसता ब्रश मारून चमक येत नाही.''

सकाळी हातावर दही घेऊन मुलगा दाराबाहेर पडला, तेव्हा त्याचे बूट कुणाचे होते हे कुणालाच दिसले नसते. दिसला असता तो त्याचा पाय, घट्ट आणि नीट रोवलेला. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. पायात काय घालायचे हेही तसेच पाहून, पारखून ठरवले, तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.